काकांच्या गाडीचं बॉनेट

नव्वदच्या दशकात वडील गेले. त्यांच्या जुन्या मोटारीसाठी मी मुंबईहून नवा कार्बोरेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं. बसवायला दिलं वडिलांच्या जिवलग मित्राकडे. आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ त्यांचं गॅरेज होतं. मी त्यांना काका म्हणायचो.

आठवड्याभरात गाडी इगतपुरीजवळ बंद पडली. तिथल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. "साहेब, यात नवीन काहीच नाय. जुनाच कार्बोरेटर घासूनपुसून लावलाय."

मी तडक गॅरेजवर गेलो. काकांची स्वतःची तसलीच गाडी दारात उभी होती. मी तिचं बॉनेट उचललं. माझे दोन्ही पार्ट आत होते.

"तुझ्या वडिलांनी मला आपणहून दिले असते," काका म्हणाले.

मी त्यांच्यासमोरच दोन्ही काढून घेतले. पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं.