दर्याकाठच्या दातवाल्याला आवतण

आमच्याकडे लग्नाला भटजी येतो, दक्षिणा घेतो आणि जातो. लग्न लावते ती धवलारीण. हळदीपासून नवरी बोळवण्यापर्यंत प्रत्येक कामाचं तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो गायला की काम पार पडलं. नाही गायला तर अख्खा मांडव हात बांधून बसून राहतो. सगळ्यात मोठा धवला आवतणाचा. त्यात ती गावदेवीला, सूर्याचंद्राला, दर्याराजाला, गेलेल्या वाडवडलांना लग्नाला बोलावते. शिवाय मांडवाच्या मेढी तोडणारा, मडकी घडवणारा, टोपल्या विणणारा, ज्याचा ज्याचा लग्नाला हात लागला तो प्रत्येक जण त्यात येतो. आणि धवला मांडवाबाहेर म्हणायचा नाही, हा नियम. उगाच म्हटला तर देव येतात आणि लग्न नाही असं बघून उपाशी परत जातात.

माझी आत्या आमच्या मुरबाडच्या पट्ट्यात नावाजलेली धवलारीण होती. तोंडाने फटकळ, पण गायला लागली की भांडकुदळ सासवासुद्धा गप्प बसायच्या. लहानपणी तिच्या मांडीला टेकून मी कितीतरी मांडवांत झोपले असेन. माझं लग्न ठरलं त्याच पावसाळ्यात ती गवताचा भारा घेऊन बांधावरून घसरली आणि दगडावर तोंडघशी आपटली. वरचे पुढचे चार दात गेले. जखम भरली, पण बोलताना हवा फसफसायची आणि शब्द निम्मा तोंडातच राहायचा.

"दुसरी धवलारीण बघ," तिने बाबांना सांगितलं. "असल्या तोंडानं आवतन दिलं तर देवांना कळंल का, कुनाचं लगीन नि कुठं?"

बाबा कबूल झाले. मला मात्र ते अजिबात मान्य नव्हतं. आत्या गाणार नसेल तर मी लग्नाला उभीच राहणार नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. तेव्हा मुलींनी असं बोलायची रीत नव्हती. आईने पाठीत असा धपाटा घातला की विचारू नका. पण मी हट्टी होते, अजून आहे.

तोड काढली मामाने. तो मुंबईत माझगावच्या गोदीत कामाला होता आणि शिमग्याला घरी आला होता.

"माझ्या खोलीमागं चिनी लोकांची गल्ली हाय," तो म्हणाला. "तिथं दात बसवून देतात."

"दात म्हंजे काय कौलं हायत, उडाली की नवीन बसवायला?" आत्या म्हणाली. मामाची आणि तिची अशी जुगलबंदी नेहमीचीच. पण दुसऱ्या दिवशी तिने मला हळूच विचारलं, "तू येशील का गो संगती?"

रातोरात बैलगाडीने वाशिंदला गेलो, तिथून पहाटेच्या आगगाडीने भायखळ्याला, आणि पुढे मामाच्या मागे चालत माझगावला. दातवाल्याचं दुकान उघडायला वेळ होता, म्हणून मामाने आम्हाला आधी बंदरावर नेलं. ओहोटी लागली होती. काळपट चिखल, त्यात कलंडलेली गलबतं, डांबराचा आणि कोळशाचा वास, आणि लांबवर पाणी. समुद्र म्हणजे निळा असतो असं ऐकलं होतं, त्यामुळे मी जरा हिरमुसलेच. आत्या मात्र पदर सावरून उभी राहिली. आयुष्यभर तिने दर्याराजाला आवतणं धाडली होती, त्याला बघत होती ती आज.

"एवढ्या येळा बोलावलं तुला, घर आज पायलं," तिने हात जोडले. "चैतात हिचं लगीन हाय. आवतन मागनं येल, मांडवात. हे नुसतं कानावर घातलं."

चिनी लोकांची गल्ली बंदराला लागूनच होती. त्यांचे वाडवडील जहाजांवरून आले, कुणी सुतारकी करत राहिले, कुणी पाठीवर रेशमाची गाठोडी घेऊन विकत फिरू लागले, असं मामा सांगत होता. दारांवर लाल कागद, त्यांवर काळी अक्षरं. कुठून तरी उदबत्तीचा वास येत होता. एका घरापुढे बांबूवर लांबच लांब शेवया वाळत होत्या. आत्याने थांबून एक शेवई चिमटीत धरली, निरखली आणि मान डोलावली. "शेवया हातच्या हायत. मानसं कामाची दिसतात." तिथून पुढे ती जरा ऐटीत चालू लागली.

ही ऐट दुकानाच्या दारापर्यंत टिकली. दारात काचेची पेटी होती आणि तिच्यात ओळीने दात मांडलेले. आत्या जागच्या जागी थिजली.

"मेलेल्या मानसांचे हायत," ती म्हणाली.

मामा हसला, तशी ती भडकली. "हसतोस काय रं? सुतकातला मानूस मांडवात येत नाय, नि मी मेल्याचे दात तोंडात घालून देवांना बोलवू? चल गो पोरी."

ती खरंच वळली. मला रडू फुटलं. आतापर्यंतचा माझा सगळा हट्ट, गाडी, आगगाडी, सगळं त्या पेटीपाशी संपणार असं वाटलं. मामा कामगारी हिंदीत दातवाल्याला काहीबाही समजावू लागला. दातवाला ऐकत राहिला, मग त्याने आत हाक मारली.

आतून त्याची म्हातारी आई आली. काळी तुमान, काळी बंडी, पिंजलेल्या कापसासारखे केस. लेकाने तिच्या कानात काही सांगितलं. म्हातारी आत्याजवळ आली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि झटक्यात आपले वरचे-खालचे सगळे दात काढून हातावर घेतले. गाल आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला आली. आणि तशीच बोळकं पसरून ती खदखदून हसली.

आत्या आधी दचकली, मग तीही हसत सुटली. दोघी एकमेकींचा दंड धरून हसत होत्या, एकीला चार दात नाहीत, दुसरीला एकही नाही.

"लोणच्याच्या बरणीची माती असते ना, तशा मातीचे करतात, बाय," मामाने तेवढ्यात सांगून घेतलं.

मग दातवाल्याने तिला मऊ मेण दाखवलं, दाताने दाबायला लावलं, त्या ठशात पांढरा लगदा ओतला. आत्या सगळं वाकून बघत होती. कुंभाराचंच काम हे, असं तिने जाहीर केलं आणि तिची शंका मिटली. दिवसभर आम्ही म्हातारीच्या ओसरीवर बसलो. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. तरी आत्याने तिला शेवया पाटावर कशा वळायच्या ते दाखवलं आणि तिच्या हातचा बिनदुधाचा चहा न थुंकता प्यायली.

उन्हं उतरली तेव्हा दात बसले. "बोलो, माँजी," दातवाला म्हणाला, "कुछ बी बोलो."

"गाऊन बघ ना, आत्ये," मी म्हटलं.

तिने डोळे वटारले. धवला, आणि मांडवाबाहेर? त्याऐवजी ती मामाकडे वळली आणि शिमग्यातल्या ठेवणीतल्या शिव्यांनी त्याला सोलून काढला. एकही शब्द घरंगळला नाही. दातवाला खूश झाला. मामाही खूश झाला. पण शिव्या देता आल्या म्हणून धवला येईलच असं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. परतीच्या गाडीत ती सारखी जिभेने दात चाचपत होती.

चैतात मी हळद लावून मांडवात बसले. नवरीने मान वर करायची नसते. मला आत्याचे फक्त पाय दिसत होते. आवतणाची वेळ आली आणि ती थांबली. इतकी थांबली की बायका कुजबुजू लागल्या. मग आवाज उठला, पहिल्यासारखा, भरलेला. गावदेवी आली, सूर्य आला, चंद्र आला, दर्याराजा आला. मेढीवाला आला, कुंभार आला. तिथे आवतण संपायचं, पण ती संपवेना.

"दर्याचे काठी गो दात घडवनार, त्यालाही आवतन धाडा गो धाडा."

मी रीत मोडून मान वर केली. मेढीला टेकलेला मामा डोळे पुसत होता, आणि मी हळदीच्या गालांनी हसत-रडत होते. इतका आनंद मला पुढे सप्तपदीतही झाला नाही, हे नवऱ्याला मी कधी सांगितलं नाही.

आत्याकडून शिकलेल्या बायका पुढे गावोगाव धवले गाऊ लागल्या. आता आत्या नाही, मामा नाही. दातवाल्याचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही. मागे नातीच्या लग्नात एक तरुण धवलारीण तीच ओळ म्हणत होती. मी तिला विचारलं, हा कोण गो?

"देव हाय," ती म्हणाली. "दर्याकडचा. त्याला बोलावल्याबिगर आमच्यात लगीन लागत नाय."