भरमूच्या पाठीवरचा मारुती

येळ्ळूरचा भरमू उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत कामाला होता. सकाळची पाळी संपली की दुपारी चारला तो तालमीत हजर. वय तेहतीस. मातीतल्या पैलवानाचं हे उताराचं वय, पण भरमूला ते कबूल नव्हतं. गेल्या साली गावच्या यात्रेच्या मैदानात कडोलीच्या सौरवनं मागून पकड घेऊन त्याला चितपट केलं होतं. यंदा तीच जोड पुन्हा लागली, पत्रकं छापून गावोगावी चिकटवली गेली. ही एक कुस्ती मारायची आणि मग थांबायचं, असं भरमूनं ठरवलं होतं.

मैदानाला पस्तीस दिवस होते तेव्हा तो बेळगावात गेला, एका टॅटूच्या दुकानात सहा तास पालथा पडला आणि पाठभर मारुती काढून घेऊन आला. गदा उजव्या खांद्यावर, शेपटी कमरेपर्यंत. मारुती अंगावर असला की दहा पैलवानांचं बळ येणार, एवढाच त्याचा विचार.

दुकानाचा मालक अनय यानं निघताना बजावलं होतं, "तीन आठवडे माती नाही, ऊन नाही, घाम नाही. दिवसातून दोनदा साध्या साबणानं धुवायचं, मऊ कापडानं टिपायचं, मलम अगदी पातळ लावायचं. खपल्या आपोआप पडतील, ओढायच्या नाहीत. आणि झोपायचं पालथं."

तीन आठवडे गेले तरी सरावाला चौदा दिवस राहत होते. भरमूनं फाउंड्रीत रजा टाकली आणि माजघरातल्या खाटेवर पालथा पडला.

पाठ आपली असली तरी तिथं आपला हात पोचत नाही, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं. धुण्यापासून मलमापर्यंत सगळं बायकोच्या, नीलमच्या हातात. ती बिचारी दोन वेळा मन लावून करायची. पाचव्या दिवशी सकाळी भरमूच्या आईनं, यशोदाबाईनं, तिच्या हातातली ट्यूब काढून घेतली.

"आत्ती, मलम लावायचंय."

"कुणाला लावतीस? देवाला? अडचणीच्या चार दिवसांत देवाला हात लावत्यात व्हय गं?"

"आई, ती माझी पाठ हाय," भरमू उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"तू गप. पाठ तुझी आसंल, वर कोण बसलंय?"

मग चार दिवस आईच आंघोळ करून मलम लावू लागली, जाड थर देऊन. शनिवारी भरमूचा डोळा लागला होता तेवढ्यात तिनं तेलात शेंदूर कालवून अर्ध्या मारुतीला फासला. पाठीत निखारे ठेवल्यासारखा भरमू उठून बसला. आई रडकुंडीला आली, "देव घरात आणलास आणि त्याला कोरडा ठिवू?" संध्याकाळपर्यंत खांदा सुजला. डॉक्टरांनी जखम धुऊन काढली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि आईला दवाखान्यातच चार शब्द सुनावले. तेव्हापासून मलम पुन्हा नीलमकडे आलं.

शेंदराची बातमी मात्र आळीत पसरली. शेजारची जयाबाई रुईच्या पानांची माळ घेऊन दारात उभी राहिली.

"भरमू, उठू नगं रं. हाय तसाच पालथा ऱ्हा, मी लांबनंच पाया पडते."

नीलमला हसू आवरेना. भरमूला पाठ अशी खाजत होती की भिंतीला घासावी. पण तेही करायचं नव्हतं.

बाराव्या दिवशी आण्णाप्पा वस्ताद आले. भरमूला लहानपणापासून त्यांनीच घडवलेलं. त्यांनी वाकून पाठ बघितली.

"हे काय करून बसलास रं?"

"वस्ताद, मारुती हाय."

"ते मला बी दिसतंय. चितपट म्हंजे काय, सांग."

"पाठ मातीला लागली की चितपट."

"मग तू पडलास तर मातीला कोण लागणार?"

भरमू कोपरांवर उठला.

"मी पडणारच न्हाय, वस्ताद."

"बरं, न्हाय पडलास. समोरचा मागनं चढला की गुडघा कुठं रोवणार? मारुतीच्या छातीत? आरं, मातीच्या हौद्यात उतरायच्या आधी आपण ज्याच्या पाया पडतो, त्यालाच खाली घेऊन चाललास?"

"बनियन घालून खेळू?"

"मातीत बनियन? पोरं हुर्यो करतील."

वस्ताद गेल्यावर त्यानं अनयला फोन लावून हे पुसता येईल का, असं विचारलं. अनय म्हणाला, जखम पूर्ण भरल्याशिवाय लेझर लावता येत नाही, मग कित्येक महिने लागतात, आणि एवढं मोठं काम सगळं जाईल याची खात्री नाही. भरमूनं फोन ठेवला. कुस्ती सोडावी तर सौरवला भ्याला म्हणतील. खेळावी तर ही पाठ घेऊन.

तेविसाव्या दिवशी शेवटची खपली पडली. "मारुतीचे डोळे लई झ्याक उठल्यात," नीलम म्हणाली. भरमू सदरा चढवून निघाला. तालमीत गेला तर रोजचा जोडीदार रवळू हात जोडून म्हणाला, "दादा, जोर मारू, बैठका मारू. पकड मातर न्हाय घेणार." राहिलेले दिवस भरमूनं खांबाशी झुंजून काढले.

मैदानाच्या दिवशी हलगी कडाडली. हात मिळवताना सौरव हळूच म्हणाला, "दादा, कुठनं धरू?"

"कुस्ती हाय. कुठनं बी धर."

दोन-तीन मिनिटं दोघं मनगटांत गुंतले. मग भरमू पायाला झोंबला आणि त्याची पाठ उघडी पडली. गेल्या साली सौरवनं हीच संधी साधली होती. आताही त्याचा हात वळसा घेऊन पाठीपर्यंत आला आणि बोटभर अंतरावर थांबला. त्यानं तो मागे घेतला, अंग सैल सोडलं आणि स्वतःच मातीवर उताणा झाला. पंचांनी भरमूचा हात वर केला. जयघोष उठला.

"ऊठ! परत धर," भरमू ओरडला. "माझी शपथ हाय तुला."

सौरवनं अंगावरची माती झटकली. "न्हाय दादा. राग मानू नको. आता तुला कुणीच धरणार न्हाय."

लोक मैदानात उतरले. पहिला म्हातारा भरमूच्या मागे जाऊन वाकला, त्याच्यामागे दुसरा, मग रांगच लागली. भरमू गर्रकन वळून त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. माणसं त्याला वळसा घालून पुन्हा मागे गेली.