लिनक्सवाल्याचे अर्ज

उभ्या बुलढाणा जिल्ह्यात एका गेमपायी सख्ख्या भावाशी सहा वर्षं अबोला धरणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे हे मी अभिमानानं सांगतो. खामगावात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि अर्ज टाइप करून देण्याचं दुकान आहे. तिथलं प्रत्येक मशीन लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालतं. फुकट मिळतं म्हणून नव्हे. त्याच्या मते जी सिस्टिम उघडून आत काय चाललंय ते पाहता येत नाही, ती वापरणं म्हणजे अंधारात बसून जेवणं. सातबाऱ्यासाठी आलेल्या म्हाताऱ्यांनाही तो हे ऐकवतो. चिखलीच्या एका लग्नात त्यानं नवरदेवाचा लॅपटॉप मागून घेतला आणि पंगत उठेपर्यंत त्यात लिनक्स घालून दिलं. तो नवरदेव अजून त्याला पाहिलं की रस्ता बदलतो.

भांडण असं झालं. साडू आणि त्याचा थोरला भाऊ एकाच दुकानात बसत, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेजारशेजारच्या मशीनवर गेम खेळत. मग नेटवर एक मोठा गेम आला, दोघांनी मिळून किल्ला लढवायचा. पण लबाडी करणाऱ्यांना अडवायला कंपनीनं त्यात एक चौकीदार प्रोग्राम बसवला होता, आणि तो लिनक्सवाल्याला चोर समजून दारातूनच हाकलायचा. थोरल्यानं गुपचूप आपल्या मशीनवर विकतची सिस्टिम टाकली.

"म्हणजे लिनक्सवाले चोर, हे तुले कबूल हाय, दादा?"

"अबे, खेळच हाय ना तो!"

एवढ्यावर दुकानं दोन झाली. थोरल्यानं रस्त्यापलीकडे, अगदी समोर गाळा घेतला.

साडूनं कंपनीला अर्ज लिहायला घेतले. त्याला अर्जाची एकच तऱ्हा ठाऊक, तहसीलची: विषय, संदर्भ, 'महोदय', खाली 'आपला विश्वासू', सोबत रहिवासी दाखल्याची झेरॉक्स. दर महिन्याला एक, रजिस्टर पोस्टानं, सातासमुद्रापार. मी विचारलं, "बाप्पा, तिथं कोणी मराठी वाचतं का?" तर गंभीरपणे म्हणाला, "अर्ज वाचासाठी नसते भाऊ. आवक नंबर पडासाठी असते."

यंदा दिवाळीच्या तोंडावर बातमी आली: चौकीदार आता लिनक्सवाल्यालाही आत सोडतो. मी पेढे घेऊन गेलो. पडद्यावर किल्ला झळकत होता आणि साडूचा चेहरा उतरलेला.

"आवाज बरोबर येत नाही," तो म्हणाला. आवाज ठीक होता. "मंग चित्र अडकून राह्यलं." चित्रही ठीक होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भांडण कंपनीशी होतं तोवर सोपं होतं. आता कंपनी बाजूला झाली, आणि समोरचा भाऊ तेवढा उरला. पडद्यावर दुसऱ्या गड्याची जागा रिकामी होती.

"बोलाव ना त्याला," मी म्हटलं.

"त्यानं नाही म्हटलं तं?"

बोलावण्याचं बटण शेवटी साडूनंच दाबलं. आम्ही दोघं रस्त्यापलीकडे बघत राहिलो. थोरला कोणाची तरी झेरॉक्स काढत होता. त्यानं आपल्या पडद्याकडे पाहिलं, कागद तसाच मशीनवर ठेवला, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली. साडूच्या हेडफोनमधला त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"तू तट धर. दरवाजा मी पाह्यतो."

 साडूचे डोळे इतके भरून आले की पहिल्याच मिनिटाला त्याचा शिपाई तटावरून खाली कोसळला.

"उठ बे," थोरला म्हणाला, "मी थांबून राह्यलो."