ओला कातळ

संत्रं सोललं की सालीचा वास बोटांना लागतो आणि अजूनही मी नकळत मागे वळून पाहतो.

ऐन थंडीत आम्ही तीन मित्र वरूडमागच्या सातपुड्यात आदिमानवाची चित्रं पाहायला गेलो होतो. परतताना वाट चुकू नये म्हणून चढताना संत्र्यांच्या साली टाकत गेलो. कातळावर गेरूने काढलेली माणसांची रांग अंधुक दिसत होती. रंग उठून दिसावा म्हणून सुरेशने त्यावर बाटलीतलं पाणी उडवलं, तेव्हा रांगेमागे एक जनावर उमटलं. लांब शेपटीचं, दबा धरलेलं.

"शेवटचा माणूस मांगं काहून नाई पाहून राह्यला?" सुरेश हसत म्हणाला.

"त्याले मालूमच नाई," विनू म्हणाला.

कातळ वाळला आणि जनावर पुन्हा दिसेनासं झालं.

उतरताना पहिलीच साल धुळीत दाबली गेलेली दिसली. तिच्यावर माझ्या तळहाताहून मोठा पंजाचा ठसा होता. पुढच्या सालींवरही तसेच. सगळे ठसे वर, आम्ही बसलो होतो त्या कातळाकडे गेलेले. परत उतरणारा एकही नव्हता.

चढताना रांगेत शेवटी मी होतो, आणि एकदाही मागे पाहिलं नव्हतं.