उजवीकडे बसणारी हिसाए

इसामू त्सुचियांचं सगळं गाव एकाच मोटार कारखान्यावर जगायचं. इसामूसानांनी जन्मभर तिथे इंजिनं जोडली आणि तिथलीच पांढरी गाडी चालवली. त्या गाडीचं काय सांगावं! दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीला जायची नि निर्धास्त परत यायची. बंद पडणं तिला ठाऊकच नव्हतं. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? ती विकून जुनी जर्मन गाडी आणली! गडद हिरवी, आणि स्टिअरिंग डावीकडे. परदेशी गाडी घ्यायची तर स्टिअरिंग डावीकडेच हवं, नाहीतर रुबाब तो कसला, अशी आमच्या जपानातली हौस.

शेजारचे नागावाही त्याच कारखान्यातले. ते म्हणाले, "इसामूसान, जन्मभर कारखान्याचं अन्न खाल्लंत आणि म्हातारपणी परक्याच्या घरी नांदायला निघालात?"

"दार लावून बघा एकदा. आवाज ऐका."

नागावांनी दार लावलं. धप्प! काय भरीव आवाज! त्यांनी ते उघडून पुन्हा लावलं. मग भानावर येऊन म्हणाले, "आवाजाचं काय घेऊन बसलात? रोज चालते का?"

रोज कुठली चालायला! कधी खाली गेलेली काच वर येईना, कधी पाणी गळायला लागे. पण मोठ्या रस्त्याला लागली की अशी जमिनीला धरून धावायची की इसामूसान लहान पोरासारखे हसत सुटायचे.

त्यांची बायको हिसाए उजवीकडे बसायची. गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने जाणार आणि स्टिअरिंगही डावीकडे, त्यामुळे ट्रकला मागे टाकायचं तर पलीकडून काय येतंय ते इसामूसानांना काही म्हणजे काही दिसायचं नाही.

"हिसाए, जाऊ का?"

"थांबा हो, बस येतेय."

"आता?"

"आता पळा!"

सगळी वाट असं चालायचं.

हिसाएच्या गुडघ्यांसाठी आठवड्यातून दोनदा इस्पितळ गाठावं लागे. गेल्या जानेवारीत तिथे जाताना गाडी नदीच्या पुलावरच बंद पडली. बोचरा वारा, उतरून चालायची सोय नाही. मदतीची गाडी येईपर्यंत बिचारी थंडीने निळी पडली. तिने चकार शब्द काढला नाही, पण इसामूसानांच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी ठरवूनच टाकलं, ही विकायची आणि आपल्या कारखान्याची पांढरी गाडी पुन्हा घ्यायची. हिसाए नुसतं "बरं" म्हणाली.

गिऱ्हाईक स्टेशनाजवळच्या वाहनतळात वाट बघत होतं. दोघं फाटकाशी पोचले. तिकिटाचं यंत्र अर्थातच उजव्या हाताला, म्हणजे हिसाएच्या बाजूला. बाई मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

"हिसाए, तिकीट."

"नाही काढणार."

मागे तीन गाड्या येऊन थांबल्या. कोणी हॉर्न वाजवेना. आमच्याकडे वाजवत नाहीत, निमूट थांबतात, आणि पुढचा माणूस शरमेने अर्धमेला होतो. इसामूसानांना दरदरून घाम फुटला.

"अगं, लोक खोळंबलेत! तूच बरं म्हणालीस ना?"

"म्हणाले. पण त्या पांढऱ्या गाडीत इतकी वर्षं बसले, कधी एक शब्द बोललात माझ्याशी? ती आपली चालायची. तुम्ही गप्प, मी गप्प. या गाडीत बसल्यापासून मला विचारायला लागलात."

इसामूसान खाली उतरले. मागच्या एकेका गाडीपुढे कमरेत वाकून माफी मागितली, त्यांना मागे सरायला लावलं आणि आपली गाडी काढून रस्त्याच्या कडेला उभी केली.

"आणि पुन्हा पुलावर बंद पडली तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"पडू दे. ब्लँकेट घेऊन बसेन. जन्मभर तुम्ही जेवायला आणि झोपायला तेवढे घरी आलात. आता दोघं मिळून वाटेत खोळंबलो तर मला चालेल."

इसामूसानांचे डोळे भरून आले. त्यांनी फोनवर गिऱ्हाइकाची माफी मागितली, आणि तिथेच गाडीत बसून ती काय काय सांगत होती ते बराच वेळ ऐकत राहिले.