तोंडाचं निमित्त

हळदीच्या वाटीत माझी दोन बोटं बुडाली होती. तेवढ्यात प्रतीक्षाच्या काकूनं माझं मनगट धरलं आणि हात वर उचलला. मांडवभर बायका. मध्ये पाटावर बसलेली प्रतीक्षा, नवरी. माझ्या बोटांवरून हळद ओघळत होती.

काकू हळूच बोलली. तिला ओरडायची गरजच नव्हती.

"तू र्‍हाऊ दे माय. तुझ्या तोंडाकडं पाह्य जरा. नवरीला लागंल."

माझ्या तोंडाला मुरूम होते. खरंच होते. गालावर, कपाळावर, हनुवटीवर. लाल, पिकलेले, काही फुटून खपली धरलेले. सगळ्या बायका एकदम माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी उठले. पाठ फिरवली तेव्हा काकूचा आवाज आला, "ही वाटी मोरीत वत गं. दुसरी आण."

प्रतीक्षा आणि मी कुंभार पिंपळगावच्या कॉलेजात दोन वर्षं एका बाकावर बसलो. ती माझ्या डब्यातला ठेचा खायची आणि नाक ओढत पाणी मागायची. ती बागाईतदाराची पोरगी, आणि माझी आई त्यांच्याच रानात कापूस वेचायची. पण बाकावर तसं काही जाणवत नसे. "मला हळद तूच पहिली लावायची," असं तीच म्हणाली होती. त्या दिवशी ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली.

एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. तिच्या मामेबहिणीचं तोंड मुरमांनी माझ्याहून जास्त भरलेलं होतं. तिनं दोन्ही हातांनी नवरीला हळद फासली, नाचली, फोटो काढले. कुणी तिचं मनगट धरलं नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. इतकी मी गाढव.

आई त्यांच्याच मागच्या अंगणात लग्नाची भांडी घासत होती. तिनं माझी पिवळी बोटं पाहिली आणि काय झालं ते विचारलंच नाही. राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "म्हनून म्हनत होते, आत जाऊ नको. अन् त्या तोंडाचं काहीतरी कर बाई."

आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळात लोक तोंडावर सांगायचे, दूर हो. त्यात अपमान होता, पण फसवणूक नव्हती. आता कुणी तसं बोलत नाही. बोललं तर कायदा आहे, साक्षीदार असतात, पोरांच्या नोकऱ्या जातात. म्हणून आता जागा नसते. आता कपडे बरे नसतात. आता घामाचा वास येतो. आणि माझ्या बाबतीत आयतं निमित्त होतं, माझ्याच गालावर उगवलेलं. मी ते खरं मानलं. मला वाटलं, तोंड साफ झालं की सगळं साफ होईल.

मग मी तोंडाच्या मागं लागले. टूथपेस्ट लावून झोपले. लिंबू चोळलं, आग आग झाली. कडुनिंबाचा पाला वाटून थापला. आरशासमोर बसून एकेक मुरूम नखानं दाबला, आणि त्याचे खड्डे माझ्या डाव्या गालावर अजून आहेत.

त्याच वर्षी मी जालन्याला मावशीकडं राहायला गेले आणि एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात लागले. सरकी निवडायचं काम. धूळ इतकी की सगळ्या बायका तोंडाला रुमाल बांधून बसायच्या. सकाळी टेम्पो यायचा, त्यात आम्ही दाटीवाटीनं उभ्या. आणि त्या टेम्पोत एक डबी फिरायची.

डबीत गजकर्णाची ट्यूब कोल्ड क्रीममध्ये कालवलेली असायची. मांडीला, कमरेला खाज सुटली की गावोगावी लोक जी ट्यूब आणतात, तीच. ज्या बाईच्या घरात गजकर्ण असेल ती ट्यूब आणायची, दुसरी क्रीम आणायची, आणि टेम्पो येईस्तोवर काडीनं कालवायच्या. मग एकीच्या बोटावरून दुसरीच्या बोटावर. माझ्या शेजारची म्हणाली, "लाव गं. आठ दिसात तोंड कसं होतंय पाह्य. मेडिकलवाला म्हंतो बिलकुल काही होत न्हाई, समद्या नेऊन राह्यल्या."

त्या डबीपाशी कुणी माझं मनगट धरलं नाही. माझ्याही बोटावर तितकीच क्रीम आली. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी लावली.

आणि तोंड खरंच साफ झालं. आठवड्याभरात मुरूम बसले, गाल सोललेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत झाले. मी गोरी दिसायला लागले. प्रतीक्षाला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "अगं ओळखूच येईना तू." मी तो निरोप कितीदा वाचला असेल. मनात म्हणत होते, आता बघू कोण हात धरतंय.

मग मी स्वतःची वेगळी ट्यूब आणायला लागले. चिठ्ठी कुणी मागितली नाही. एक दिवस लावायची राहिली तर तोंडाची लाही व्हायची आणि पुन्हा पुरळ उठायचं, आधीपेक्षा जास्त. मग मी दोनदा लावायची. उन्हात पाऊल टाकलं की गाल लालबुंद. गालावर बारीक केस आले. कातडी इतकी पातळ झाली की आतल्या लाल शिरा दिसायला लागल्या. कारखान्यातला मुकादम म्हणाला, "हिला आतल्या बाजूला बसवा, पाव्हणे येऊन राह्यले." रुमाल मी आता धुळीसाठी बांधत नव्हते.

मावशीनं हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टरीणबाईंसमोर लांब रांग होती, आणि रांगेत अर्ध्या पोरींची तोंडं माझ्यासारखी. बाईंनी ट्यूब बघितली आणि टेबलावर आपटली.

"यात स्टेरॉइड आहे. हे तोंडाला लावायचं औषध नाही. गजकर्णालाही नाही, त्यानं गजकर्ण आणखी पसरतं. किती महिने लावलं?"

मी सांगितलं. त्यांनी माझा गाल उजेडाकडं वळवून बघितला. मग म्हणाल्या, एकदम बंद केलं तर तोंड आणखी पेटेल. म्हणून त्यांनी हलकं औषध दिलं आणि माझ्या त्या ट्यूबपासून मला हळूहळू सोडवलं. ते दिवस मी सांगत नाही. आरसा मी भिंतीकडं तोंड करून ठेवला होता.

त्यानंतर मुरमाचं खरं औषध सुरू झालं. रात्री साध्या साबणानं तोंड धुवायचं, घासायचं नाही. पुरतं वाळू द्यायचं. मग वाटाण्याएवढं मलम सगळ्या तोंडावर पातळ लावायचं, नुसतं मुरमावर टेकवायचं नाही, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडेला जायचं नाही. सुरुवातीला एक दिवसाआड. कातडी सुकेल, सोलेल, भिऊन लगेच सोडायचं नाही, पण आग थांबलीच नाही तर येऊन दाखवायचं. सकाळी उन्हापासून वाचवणारी क्रीम. सकाळसाठी दुसरं एक मलम होतं, त्यानं माझ्या ओढणीचा रंग उडाला, गोधडीवर पांढरे डाग पडले. गोळ्याही दिल्या, ठरलेल्या मुदतीपुरत्या, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

मी विचारलं, "अजून जोराची गोळी असती ना बाई? जल्दी बरं व्हायची?"

"असते," त्या म्हणाल्या. "पण ती घेताना रक्त तपासावं लागतं. आणि ती चालू असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येतं. मैत्रिणीची उरलेली घेऊन खायची गोळी नाही ती. तुला सध्या नकोच. आणि जल्दी हा शब्द विसर. तीन महिन्यांनी फरक दिसेल."

शेवटी मी भीतभीत विचारलं, "हे कुणाला लागतं का? म्हणजे माझ्या हातानं दुसऱ्याला?"

त्या हसल्या. "मुरूम? मुरूम कुणाला लागत नाहीत गं. कोण म्हणालं तुला?"

मुरूम लागत नाहीत हे कळून मला आनंद झाला, आणि मी तो आनंद जपून ठेवला, काकूला सांगायला म्हणून. तेव्हासुद्धा मी काकूला सांगायचंच ठरवत होते. तिला माहीत नसेल, असं मला वाटत होतं.

महिने गेले. मुरूम गेले. शिरा पूर्ण गेल्या नाहीत आणि जाणार नाहीत असं बाई म्हणाल्या. पण तोंड तोंडासारखं झालं. माणसात बसण्यासारखं झालं.

प्रतीक्षा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बारशाला तिनं स्वतः फोन केला. "ये बरं. पाळण्याची दोरी तुला ओढायचीय." मी नवा ड्रेस शिवला. बाळाला टोपरं घेतलं आणि जालन्याहून गावी गेले.

बैठकीत पाळणा बांधला होता. फुलं, फुगे, बायका. मी चप्पल काढून उंबरा ओलांडला आणि काकू पुढं आली. तीच काकू. माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. "बरं झालं की गं तोंड," म्हणाली. मग बाहेरच्या ओट्याकडं बोट केलं. "तिकडं बस. चहा पाठवते."

ओट्यावर कागदी कप मांडलेले होते. आत सगळ्यांच्या हातात स्टीलचे पेले.

"काहून?" मी विचारलं.

"काय काहून?"

"तिकडं काहून बसू? तोंड तर बरं झालंय काकू. डॉक्टरीण म्हनाली, लागतबी न्हाई कुणाला."

"तोंडाचं कुठं काय म्हंते मी," काकू म्हणाली.

तिथं मला समजलं. सगळं एका दमात. मामेबहीण समजली, मोरीत ओतलेली हळद समजली, आईनं काही न विचारणं समजलं. मी माझं तोंड जाळून घेतलं होतं एका अशा गोष्टीपायी, जी तोंडावर नव्हतीच. तिला कुठलं मलम नाही. मला रडू यायला हवं होतं. राग आला. इतका राग मला कधी आला नव्हता.

"मंग काय म्हंता ते सांगा," मी म्हटलं. "सांगा, मी जाते. पण कारन सांगा."

पाळण्याजवळच्या बायका माझ्याकडं बघत होत्या, पण कुणी तोंड उघडेना. सगळ्यांना तो शब्द ठाऊक होता. प्रतीक्षाकडं मी पाहिलं. ती बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. मी जागची हलले नाही. काकूच्या सुनेनं एकदोनदा "अगं, वेळ निघून चाललाय" असं म्हटलं, मला नाही, हवेतच.

मग त्यांनी काय केलं? पाळणा सोडला. दोघी बायकांनी उचलून आतल्या खोलीत नेला. बाळ नेलं. बायका एकेक करून उठल्या, आपापले पेले घेऊन आत गेल्या. दार लागलं. आतून पाळण्याचं गाणं सुरू झालं.

एवढं मोठं घर त्यांनी हलवलं, पण एक शब्द तोंडातून काढला नाही. रिकाम्या बैठकीत मी आणि फुगे. आई मागच्या अंगणातून, भांड्यांवरून उठून आली आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर घेऊन गेली. रस्ताभर ती एकच म्हणत होती, "काय मिळालं? सांग, काय मिळालं?"

काही मिळालं नाही. उलट गेलं. आईला त्या रानात पुन्हा बोलावलं नाही. विचारायला गेली तर म्हणाले, सध्या काम नाही. तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बायका कापूस वेचत होत्या. प्रतीक्षाचा फोन नंतर आला नाही. गावात बोललं जातं की मी बारसं नासवलं. गोड शेवट सांगायला मी बसलेले नाही. आमच्या घरात आता माझ्याशी कमी बोलतात.

माझी धाकटी बहीण दहावीला आहे. तिच्या कपाळावर मुरूम आले. परवा तिनं मला हळूच विचारलं, ती टेम्पोतली डबी मिळंल का. शाळेत पाहुणे येणार होते, वर्गाच्या बाईंनी तिला पहिल्या रांगेतून उठवून मागं बसवलं. तोंड नीट कर म्हणाल्या.

मी तिला दवाखान्यात नेलं. रात्री मलम कसं लावायचं ते दाखवलं. माझ्या गालावरच्या शिरा दिव्याखाली धरून तिला नीट बघायला लावल्या. मग म्हटलं, "हे तुझ्यासाठी करायचं. दुखतंय म्हनून. त्यायच्यासाठी न्हाई. अन् पुन्हा कुणी उठ म्हनलं, तर काहून म्हनून इचारायचं. मोठ्यानं, समद्यांसमोर."

ती घाबरली.

"अन् त्यायनं सांगितलंच न्हाई तर?"

"न्हाईच सांगनार," मी म्हटलं. "तू उठू नको. त्यायला उठून जाऊ दे."