वखारीतला पाळणा

काजूच्या टरफलाचं तेल लागलं की कातडी जळते. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात आम्ही बायका दिवसभर बिया फोडायचो. राख लावा, खोबरेल लावा, बोटं काळी ती काळीच. शेजारच्या वखारीत डबे काढणाऱ्या बाप्यांचे हात मात्र स्वच्छ. मला तिथे जायचं होतं. मुकादम म्हणायचा, "शिडयेर चडाचा काम बायलमाणसाचा न्हय गो."

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. मालकांनी मुंबईच्या बंदरातून एक जुनं यंत्र बोटीने आणलं. चाकांवर उभी लोखंडी चौकट आणि तिच्यात माणूस उभा राहील एवढी फळी. खाली एकाने हँडल फिरवलं की तारेच्या दोराने फळी वर जायची. गिऱ्हाइकाने मागितलेल्या मालाचे डबे उंच मांडणीवरून काढायचे आणि ते घेऊनच खाली यायचं. आम्ही त्याला पाळणा म्हणू लागलो.

नवं काही आलं की आमच्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं. मुकादमाने नारळ ठेवला आणि आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा, ह्या पाळण्यात जो कोण पयला चडात, तेका सुखरूप खाली हाड, आणि ह्या काम तेच्याच हातान घडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

ही सगळी सोय मुकादमाच्या भाच्याला ते काम मिळावं म्हणून होती. नारळ फुटला. भाचा जागचा हलेना.

"चड मरे!"

"शिडयेर आपले पाय असतत, मामा. हयसर हँडल तुमच्या हातात."

"मगे?"

"तुमी मधीच तपकीर ओडतास."

सगळे खो खो हसले. गलबताच्या डोलकाठीवर चढणारे बाप्ये तिथे होते, पण मुकादमाच्या हातात जीव द्यायला कोणी पुढे येईना. मी पदर खोचला आणि फळीवर जाऊन उभी राहिले.

"उतर गो! तुका कोणी सांगलां?"

"देवाक गाऱ्हाणा कोणी घातलां? मी?"

मालक दारातून म्हणाले, "मुकादमानू, शब्द दिलास मा? फिरवा आता."

मुकादम दांडगा होता, पण देवापुढचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. पाळणा कुरकुरला, डुलला, वर गेला. खालून माझी एक मैत्रीण ओरडली, "लगीन होवच्या आदीच पाळणो गो तुझो!"

"तू गप बिया फोड," मी वरून म्हटलं. तुकडा काजूचा डबा काढला आणि खाली आले. "आता ओडा तपकीर," मी मुकादमाला सांगितलं.

ते काम माझ्याकडेच राहिलं. एकदा पावसाळ्यात दोर अडकला आणि दुपारभर मी वर लटकले. डबे सीलबंद होते, नाहीतर वेळ बरा गेला असता.

माझ्या हळदीला नवऱ्याकडच्या एका बाईने माझे आता स्वच्छ झालेले हात उलटेसुलटे करून पाहिले. "काजूच्या कारखान्यात होतंस म्हणान ऐकलेलां."

"होतंय," मी म्हटलं. "पण वर."